नेम चांगला, तरी ड्युएलमध्ये हार का?

प्रश्न : ताई, क्वेक लाइव्ह या ऑनलाइन नेमबाजीच्या गेममध्ये आठ-दहा जणांच्या गर्दीत मी बहुतेक वेळा वरच्या तिघांत असतो. माझ्या रेलगनची (लांबून मारायच्या बंदुकीची) मित्र तारीफ करतात. पण एकास एक ड्युएल लावलं की अकरा-दोन, चौदा-तीन असा धुव्वा उडतो. नेमाचा सराव रोज चालू आहे. अजून किती वाढवू?
— एक महाविद्यालयीन वाचक

उत्तर : वाढवू नकोस. तुझं पत्र जागेअभावी छाटलं आहे, पण मूळ पत्रात रेलगनचा उल्लेख पानोपानी होता आणि रेड आर्मरचा, म्हणजे मॅपवर उचलायला मिळणाऱ्या लाल चिलखताचा, एकदाही नाही. दुखणं तिथेच आहे.

गर्दीत कुणी ना कुणी अर्धमेला समोर येतो आणि चांगला नेमबाज त्याला टिपतो. ड्युएलमध्ये मॅपवर दोघंच असता. समज, तुम्हा दोघांचीही हेल्थ (उरलेला जीव) 100 आहे, पण समोरच्याच्या अंगावर 100 आर्मर आहे आणि तुझ्या अंगावर काहीच नाही. रॉकेट थेट बसलं की 100चं नुकसान होतं. तुला बसलं की तू गेलास. त्याला बसलं की दोन तृतीयांश मार आर्मर झेलतं आणि तो हसत निघून जातो. नेम दोघांचा सारखाच! तू हरतोस ते गोळी सुटण्याच्या अर्धा मिनिट आधी, रेड आर्मर त्याने उचललं तेव्हा.

म्हणून आता घड्याळ शीक. उचललेलं आर्मर 25 सेकंदांनी परत येतं, मेगा हेल्थ (हेल्थ वाढवणारी मोठी वस्तू) 35 सेकंदांनी. सामन्याच्या घड्याळात रेड 4:12ला घेतलंस तर पुढचं 4:37ला. सेकंदांत 25 मिळवत जायचं, साठ ओलांडले की साठ वजा, बस : 12, 37, 02, 27. मेगासाठी एक मिनिट पुढे जाऊन 25 वजा कर. 4:20ला उचललेला मेगा 4:55ला येईल. सुरुवातीला आकडे मोठ्याने म्हण. घरचे विचित्र नजरेने बघतील, बघू देत.

आता हे दोन आकडे शेजारी ठेव. रेड 4:37, मेगा 4:55. मध्ये अठरा सेकंद आहेत, म्हणजे दोन्ही तुला मिळू शकतात. 4:25 च्या सुमाराला कुठेही असलास, कितीही रंगात आलेली मारामारी चालू असली, तरी रेडच्या दिशेने सरकायला लाग. जागेवर फार आधी जाऊन उभा राहू नकोस. समोरचा तुला हेरून वरून रॉकेटं ओतेल. तीन-चार सेकंद उरले असताना आत शिर, तो ज्या दारातून येणार त्या दारात एक रॉकेट आधीच सोड, आर्मर उचल आणि लगेच मेगाकडे वळ. त्याचा पाठलाग करायचा मोह होईल. करू नकोस. मेगाच्या वाटेवर तो आपणहून भेटणार आहे, कारण त्यालाही तिथेच यायचंय.

आणि हेडफोन लाव. आर्मर उचलल्याचा आवाज वेगळा, मेगाचा वेगळा. जवळपास असलास तर त्याने उचललेलं तुला ऐकू येतं, तेव्हा आवाज आला की घड्याळाकडे बघायची सवय लाव. आणखी एक खुबी : वस्तू उचलल्याशिवाय तिचे सेकंद मोजायला सुरुवात होत नाही. तो दूर असेल तर रेड चार-पाच सेकंद तसंच राहू दे, मग घे. त्याचा हिशेब तेवढाच चुकतो. (हे थोडं दुष्टपणाचं आहे. मला फार आवडतं.)

1997 साली पहिल्या क्वेकच्या एका मोठ्या स्पर्धेत थ्रेश या टोपणनावाने खेळणारा डेनिस फाँग जिंकला आणि क्वेकचा प्रोग्रामर जॉन कारमॅक याची फेरारी घेऊन गेला. समोरचा कुठून येणार हे त्याला आधीच कसं कळतं, याची तेव्हा फार चर्चा असायची. त्यात जादू कसली? वस्तू कधी येणार हे माहीत असेल, तर माणूस कुठे असणार हेही कळतं.

प्रश्न : मी पन्नाशीचा आहे. आघाडी घेतो, पण ती टिकत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत सगळं हातचं जातं. हात मंदावलेत म्हणून असेल का?

उत्तर : हातांना कशाला बोल लावता? आघाडी असताना तुम्ही भांडण उकरून काढत असणार. ड्युएल दहा मिनिटांचं असतं. दोन फ्रॅगने (समोरच्याला मारल्याच्या गुणांनी) पुढे असाल तर भांडणाची गरज समोरच्याला आहे, तुम्हाला नाही. रेड आणि मेगा घेत राहा, लांबून रेल मारा, दार बदला. याला कुणी भित्रेपणा म्हणेल; म्हणणारा बहुधा मागे असतो.

एवढं मात्र सांभाळा : 100च्या वरची हेल्थ आणि आर्मर दर सेकंदाला एकेकाने उतरतं. 200 हेल्थ घेऊन कोपऱ्यात बसलात तर ती फुकट जाते. अंग भरलेलं असताना त्याला वस्तूंपासून हाकला आणि उतरायला लागलं की मागे या.

तुम्हीच मेलात, तर परत उगवल्यावर हातात मशिनगन असते. ती घेऊन सूड घ्यायला धावू नका. जवळची बंदूक, मग यलो आर्मर (रेडपेक्षा हलकं चिलखत), मग बाकीचं. रेड एकदा त्याला जाऊ द्या, वेळ मात्र टिपून ठेवा.

प्रश्न : ड्युएलसाठी माउसची सेन्सिटिव्हिटी किती ठेवावी?

उत्तर : पॅडवर हात एकदा सरकवून पूर्ण मागे वळता यावं, इतकी. त्यानंतर निदान महिनाभर तिला हात लावू नका. हरल्यावर तर नाहीच.