घराजवळच्या इटालियन रेस्टॉरंटची वाइन लिस्ट चांगली आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला तुमच्या सोसायटीजवळ इटालियन रेस्टॉरंट सुरू झालंय, वाइन लिस्ट चांगली चार पानांची आहे, त्यातली निम्मी नावं उच्चारताही येत नाहीत, आणि लिस्ट खरंच चांगली आहे की नुसतीच लांबलचक, ते कळत नाही. मी ठाण्यातच राहते. वाइनची आवड जुनी आहे आणि अशा ठिकाणी गेले की जेवणाच्या मेन्यूआधी वाइन लिस्ट मागून घेते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पानं मोजणं सोडून द्या. त्या स्वयंपाकघरात जे शिजतं त्यासाठी ही लिस्ट केलेली आहे का, हे बघा. आपल्याकडच्या इटालियन रेस्टॉरंटात मुख्यतः काय शिजतं? टोमॅटो. मार्गेरिटा पिझ्झा, अराबियाता, लझान्या, सगळ्यांच्या मुळाशी टोमॅटोचा आंबटपणा असतो. अशा सॉसबरोबर कमी आंबट वाइन घेतली की ती अगदीच मिळमिळीत लागते, आणि लाकडी पिंपात मुरवलेली जड, तुरट रेड घेतली तर तोंडात कडवट, लोखंडी चव रेंगाळते. टोमॅटोशी जमतं ते मुळातच आंबटपणा असलेल्या रेडचं. इटलीतल्या टस्कनी प्रदेशाचं सांजोव्हेजे द्राक्ष तसं आहे, कियांती ही वाइन मुख्यतः त्याचीच होते. इटलीच्याच पिएमाँत प्रदेशातली बार्बेराही तशीच. लिस्टमध्ये या दोन्हींपैकी एकही नसेल आणि कॅबर्ने, शिराझ, मर्लो या सगळीकडे दिसणाऱ्या द्राक्षांच्या रेडचीच रांग असेल, तर ती लिस्ट कुठल्याही बारमध्ये चालली असती. या रेस्टॉरंटसाठी ती कुणी बसून केलेली नाही.

दुसरी गोष्ट, एकेक ओळ कशी लिहिली आहे ते बघा. 'कियांती, इटली' आणि पुढे किंमत, एवढंच असेल तर मला ते चालत नाही. कियांती करणारे उत्पादक शेकड्यांनी आहेत, त्यांत साधी वाइन करणारे आहेत आणि उत्तम करणारेही. उत्पादकाचं नाव हवं, द्राक्ष किंवा प्रदेश हवा, द्राक्षं उतरल्याचं साल हवं. मी एक नाव मुद्दाम शोधते: मोंतेपुल्चानो. 'मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो' म्हणजे आब्रुत्सो प्रदेशातली, मोंतेपुल्चानो द्राक्षाची, रोजच्या जेवणातली मऊसर रेड. 'व्हिनो नोबिले दी मोंतेपुल्चानो' ही टस्कनीतल्या मोंतेपुल्चानो गावची, प्रामुख्याने सांजोव्हेजेची आणि सहसा बरीच महाग. लिस्टमध्ये नुसतंच 'मोंतेपुल्चानो' छापलेलं असेल तर मॅनेजरला विचारा, यातली कुठली? त्याने बाटली आणून लेबल दाखवलं तरी मी समाधानी असते. 'मॅडम, एकच असते' म्हणाला, तर त्या लिस्टवर फार विसंबू नका.

सालाचं महत्त्व व्हाइटला जास्त. साध्या, ताज्या चवीच्या व्हाइट वाइन एक-दोन वर्षांत प्यायच्या असतात. इथे आपल्या बाजूने एक गोष्ट आहे. इटलीत द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास उतरतात. आपल्याकडे खरड छाटणी आणि गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होऊन वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये निघतात. त्यामुळे एकाच सालाची नाशिकची व्हाइट इटलीच्या व्हाइटपेक्षा अर्धं वर्ष थोरली असते आणि त्याच वर्षात बाटलीत भरून येऊ शकते. म्हणजे इथल्या व्हाइटबाबत ताज्या सालाची अपेक्षा ठेवायला काहीच हरकत नाही. चार वर्षांपूर्वीची साधी सोव्हिन्यों ब्लां लिस्टमध्ये दिसली, तर ती कुणी मागितलीच नाही म्हणून पडून आहे, असं समजा.

आता माझं ठाम मत. ठाण्यातल्या इटालियन रेस्टॉरंटच्या लिस्टमध्ये महाराष्ट्राच्या वाइनला मानाची जागा हवी. अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइनरीने सोलापूर जिल्ह्याच्या मातीत सांजोव्हेजे लावली, टस्कनीचे वाइनमेकर पिएरो मासी यांनी तिथल्या वाइन घडवल्या, आणि 'सेत्ते' ही त्यांची मोठी वाइन सांजोव्हेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणातून आली. निफाड तालुक्यातल्या रेव्हेलोने तर नेरो दाव्होला आणि ग्रिल्लो ही सिसिलीची द्राक्षं लावली. इटालियन जेवण आणि इटालियन द्राक्ष आपल्याच राज्यात एकत्र भेटत असताना एखादी लिस्ट या वाइन 'इंडियन' अशा मथळ्याखाली शेवटच्या पानावर टाकते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. पैशांचा हिशोबही त्याच बाजूने आहे. बाहेरून येणाऱ्या बाटलीबंद वाइनवर केंद्राचं आयात शुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के राहिलं, वर वाहतूक आणि राज्याचे कर. म्हणजे लिस्टमधली सगळ्यात स्वस्त इटालियन बाटली तिच्या गावात अगदीच साधी असते. त्याच पैशांत इथल्या उत्पादकाची वरच्या दर्जाची वाइन येते. इटालियन घ्यायचीच असेल तर लिस्टच्या तळाची घेऊ नका, मधली घ्या.

आपण पिझ्झावर चिली फ्लेक्स सढळ हाताने घालतो, त्याचाही विचार लिस्टमध्ये दिसायला हवा. जास्त अल्कोहोल आणि तुरटपणा असलेली रेड तिखट आणखी भडकवते. तिथे थंडगार, किंचित गोडसर शेनिन ब्लां ही व्हाइट उत्तम लागते. सुलाची सगळ्यांना माहीत आहे आणि बहुतेक ठिकाणी मिळते. ती मागायला अजिबात संकोच करू नका.

ग्लासने मिळणाऱ्या वाइनवरून रेस्टॉरंटची खरी काळजी कळते. बाटली फोडली की हवा लागून चव उतरू लागते. फ्रिजमध्ये नीट झाकून दोन-तीन दिवस बरी राहते, पुढे कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा वास येतो. म्हणून 'ही कधी उघडली?' हे जरूर विचारा. नेरुळच्या एका छोट्या जागी मी हे विचारलं, तर वेटर मुलाने बाटलीच टेबलावर आणली. मानेला कागदी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने आदल्या दिवशीची तारीख. आधी घोटभर ओतून म्हणाला, 'बघा, नाही आवडली तर दुसरी उघडतो.' तिथली लिस्ट जेमतेम एका पानाची आहे, आणि मी पाहुण्यांना तिथेच नेते.

किमतीचा हिशोब सोपा आहे. बाटली ७५० मिलीची, ग्लास १५० मिलीचा, म्हणजे पाच ग्लास. बाटली २,५०० रुपयांची असेल तर ग्लास ५०० ते ६२५ पर्यंत ठीक, कारण उरलेली वाइन वाया जाण्याचा धोका रेस्टॉरंट घेतं. ९०० म्हणाले तर तिघांनी मिळून बाटलीच मागवा. ग्लास किती मिलीचा, हेही विचारा. इथल्या बाटलीची एमआरपी वाइन शॉपमध्ये बघता येते. दुप्पट-अडीचपट मला रास्त वाटते, चौपट नाही.

जाता जाता बाटल्या कुठे ठेवल्या आहेत तेही बघा. पिझ्झाच्या भट्टीशेजारच्या फळीवर किंवा उन्हाच्या काचेत शोभेला मांडलेल्या असतील आणि त्याच टेबलावर येणार असतील, तर एप्रिल-मेच्या उकाड्यात त्यांचं काही खरं नाही. रेडला 'रूम टेंपरेचर' म्हणतात ते १६-१८ अंश, आपल्या खोलीचं नव्हे. कोमट रेड आली तर बर्फ-पाण्याची बकेट मागून बाटली दहा-पंधरा मिनिटं त्यात ठेवायला सांगा. चव लगेच सुधारते.

पहिल्यांदा जाल तेव्हा मोठी बाटली मागवू नका. मार्गेरिटा सांगा, लिस्टमधल्या सांजोव्हेजेचा एक ग्लास आणि शेनिन ब्लांचा एक ग्लास मागवा, आणि दोन्ही त्याच पिझ्झाबरोबर आलटून पालटून प्या. घोटाला कुबट, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर कॉर्कमुळे वाइन बिघडली असण्याची शक्यता मोठी. तो ग्लास परत द्या. कुरकुर न करता बदलून दिला, तर त्या चार पानांतलं पुढचं काय घ्यावं, हे त्यांनाच विचारा.