पहिलं वाद्य कोणतं घ्यावं?

ताई, मुलगी सहा वर्षांची आहे म्हणता, तर माझं मत सरळ आहे: पेटी घ्या. पट्टी दाबली की नेमका सूर येतो, त्यामुळे कान आधी तयार होतो. दुकानात तिलाच बसवून पाहा. भाता चालवताना खांदा वर उचलला जात असेल तर ती पेटी तिला मोठी आहे. भाता भरून, एकही पट्टी न दाबता सोडून बघा. लगेच बसला तर हवा गळतेय, ती घेऊ नका.

तिचा ओढा तबल्याकडे असेल तर खुशाल शिकू द्या. पण आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. कोरड्या हवेत पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, ताणून सूर चढतो, कूलर लावला की दमटपणाने उतरतो. म्हणून तबला कूलरच्या झोतात कधीच ठेवू नका, वाजवून झाला की झाकून ठेवा.

मोठी बासरी इतक्यात नको, बोटं छिद्रांपर्यंत पोचत नाहीत. व्हायोलिन लहान आकारात मिळतं, पण आधी गुरू शोधा, मग वाद्य. आणि जे घ्याल ते कपाटावर नको, तिच्या हाताला येईल असं ठेवा.