फोन सुटत नाही आणि केअर प्लॅन होत नाही

"मॅडम वेळच पुरत नाही, आणि जो उरतो तो फोन खातो." समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या नर्सिंगच्या मुलामुलींकडून हे इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा लिहूनच टाकते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

त्यातलीच एक मुलगी, दुसऱ्या वर्षाला. सकाळी वॉर्डमध्ये पोस्टिंग, मग लेक्चर, मग केअर प्लॅन, म्हणजे पेशंटची काळजी कशी घ्यायची त्याचा लेखी आराखडा, आणि केस प्रेझेंटेशन. टाइमटेबल तीनदा बनवून झालं होतं, रील्सचं ॲप कितीदा उडवलं आणि परत घेतलं, रात्री दोनला झोप आणि सकाळी तसंच ड्युटीवर. समोर बसल्या बसल्या म्हणाली, "मी मुळातच आळशी आहे."

मी चौथं टाइमटेबल दिलं नाही. म्हटलं, पेशंटचा चार्ट ठेवतेस तसा आठवडाभर स्वतःचा ठेव, फोन किती वाजता घेतला आणि त्याच्या जरा आधी काय झालं, बास. वही आणली तर पानोपानी "टाइमपास", "परत आळस".

"पेशंटच्या नोट्समध्ये 'पेशंट आळशी' असं लिहितेस?"
"नाही मॅडम, ते मत झालं. जे दिसतं तेच लिहायचं असतं."
"मग इथे?"

बराच वेळ गप्प बसली. पुढच्या आठवड्यातली नोंद मला अजून पाठ आहे: "4.10. केअर प्लॅनची वही उघडली. पोटात गोळा. फोन घेतला." जवळजवळ प्रत्येक नोंद अशीच, आधी वही मग गोळा मग फोन. गोळा कधीपासून येतो विचारलं तर रडायलाच लागली. सलाइन लावताना शीर सापडली नाही, दोनदा टोचलं, आणि पेशंटसमोर सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. वही उघडली की तोच बेड डोळ्यासमोर.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांची. घटनेपेक्षा आपण स्वतःला काय सांगतो त्यावर त्रास ठरतो हे मी मनापासून मानते. ती स्वतःला सांगत होती, "चूक होताच कामा नये, झाली तर मी नर्स व्हायच्या लायकीची नाही." आता या कामात चुकीची किंमत खरंच मोठी असते, त्यामुळे 'सोड गं, होतात चुका' म्हणणं खोटं झालं असतं. शेवटी नवं वाक्य तिनेच बांधलं: "चूक टाळायला मी जीव लावीन, सिस्टरांना शेजारी उभं राहा म्हणीन, पण शीर सापडली नाही म्हणून मी अख्खी निकामी ठरत नाही." इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असे क्षण मी जपून ठेवते, कारण हे वाक्य तिचं होतं, माझं नव्हतं.

मगच वेळेचं बोललो. ड्युटीवरून आल्यावर आधी खाणं, अंघोळ, जरा आडवं होणं, कारण आठ तास पायावर उभं राहून आलेल्या शरीराला विश्रांती हवीच असते आणि स्क्रोलिंगने ती मिळत नाही. मग वही उघडून फक्त 25 मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. ड्युटी बदलल्याचे मेसेज क्लासच्या ग्रुपवर येतात म्हणून फोन बंद ठेवता येत नाही, तेव्हा त्या ग्रुपचं नोटिफिकेशन चालू, बाकी बंद. अलार्मला साधं घड्याळ, म्हणजे फोन उशाशी नको. तरी गोळा आलाच तर आधी तो कशाचा ते एका ओळीत लिहायचं, मग फोन घ्यायचा की नाही ते ठरवायचं. कधीकधी ती घेतेही, आणि तसं लिहिते.

पण दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल तर वेळापत्रकात अडकू नका, डॉक्टरांना भेटा. आणि जगू नये असं वाटत असेल तर त्याच दिवशी, कुणालातरी सोबत घेऊन.