कॅल्शियमच्या बाटलीतल्या गोळ्या

"मॅडम, बाकी राहू द्या. सासरी कळू न देता गोळ्या कशा घ्यायच्या, तेवढं सांगा."

अपस्मार, म्हणजे फिट किंवा फेफरं येण्याचा आजार असलेल्या मुलींच्या आया लग्न ठरलं की हा प्रश्न घेऊन येतात. वर्षानुवर्षं ऐकतेय. खालची हकिगत अशाच एका मायलेकीची आहे. ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि नाव मुद्दाम लिहीत नाही.

मुलगी तेवीस वर्षांची, सातारा जिल्ह्यातली, पतसंस्थेत कामाला. दहावीत असताना सकाळी उठल्या उठल्या तिच्या हातांना झटके यायचे. कंगवा उडायचा, चहाचा कप सांडायचा. घरात तिला 'धांदरट' म्हणायचे. परीक्षेच्या जागरणानंतर मोठी फिट आली तेव्हा कळलं, की ते झटके म्हणजेही फिटच होती. किशोरवयात सुरू होणारा हा अपस्माराचा एक ठरावीक प्रकार. गोळ्यांनी तो छान आटोक्यात राहतो, पण गोळ्या थांबवल्या की बहुतेकांना पुन्हा फिट येते. जागरण तर याला अजिबात चालत नाही.

तिला आधी सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध होतं. या प्रकारात ते उत्तम काम करतं, पण गरोदरपणात बाळाला धोक्याचं. ते घेणाऱ्या आयांच्या शंभरातल्या सुमारे 10 बाळांत जन्मजात मोठं व्यंग निघतं आणि 30 ते 40 मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येतात. म्हणून लग्नाच्या वर्षभर आधीच डॉक्टरांनी तिला लेव्हेटिरासिटॅमवर आणलं, एक गोळी हळूहळू वाढवत आणि दुसरी कमी करत. मधल्या काळात ती फार चिडचिडी झाली. आईला वाटलं, लग्नाचं टेन्शन. मी डॉक्टरांना सांगायला लावलं, कारण या औषधाने काहींची चिडचिड वाढते, मन उदास होतं. डोस जुळवून घेतल्यावर ती निवळली.

आईच्या प्रश्नावर मी म्हटलं, मुलाला आधी सांगा. कायद्याचंही सांगितलं. हिंदू विवाह कायद्यात फेफरं ही लग्नाच्या आड येणारी गोष्ट होती, ती 1999 साली काढून टाकली. आई म्हणाली, "कायद्याचं ठीक आहे हो, पण मोडलेलं स्थळ कायदा परत आणून देतो का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. न सांगण्याचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. मग मी नेहमीचं बोलले: डोस चुकवू नको, फोनला अलार्म लाव, परस्पर बंद करू नको. गोळ्या ठेवणार कुठे, हे मात्र विचारायचं राहिलं. ही चूक माझी.

आईने घरीच युक्ती काढली. गोळ्या स्ट्रिपमधून सोडवून कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. कुणी विचारलंच तर कॅल्शियम.

हळद, लग्न, सत्यनारायण, जेजुरी सगळं पार पडलं. पंधरा दिवस बाटली कपाटात राहिली. मग गुडघेदुखीने वैतागलेल्या सासूबाईंनी एका रात्री त्यातल्या दोन गोळ्या घेतल्या. सुनेचं कॅल्शियम, त्यात विचारायचं काय! सकाळी त्यांना गरगरायला लागलं, डोळे उघडेनात. घरच्यांना वाटलं बीपी कमी झालं. सुनेने बाटलीतल्या गोळ्या मोजल्या आणि तिच्या पोटात गोळा आला. बोलायची हिंमत झाली नाही. दुपारी तिने अख्खी बाटली कचऱ्यात टाकली. तालुक्याला जाऊन नवीन आणू, असं मनाशी ठरवलं; पण चिठ्ठी माहेरी, आणि नव्या नवरीने एकटीने तालुक्याला जायचं कशाला?

तीन डोस गेले. रात्रीची झोपही काळजीने उडालेली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना ती ओट्यापाशी कोसळली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल आणली, आणि दातखीळ सोडवायला कुणीतरी चमचा घातला. त्यात पुढच्या दाताचा टवका उडाला. फिट तिच्या तिची थांबली. दात गेला तो चमच्याने.

आठवड्याने नवरा तिला घेऊन आला. तो कशाने चिडला असेल याचे अंदाज मी बांधून ठेवले होते. सगळे चुकले. "आजाराचं राहू द्या," तो म्हणाला, "आईच्या पोटात ती गोळी गेलीय, एवढं तरी हिने सांगायला हवं होतं. आम्ही आईला बीपीचा त्रास म्हणून पळवत होतो." डॉक्टरांनी सासूबाईंना तपासलं, काही इजा नव्हती. पण हे माझ्या डोक्यातून जात नाही. गोळी लपवली की ती घेणाऱ्याला तर चुकतेच, वर भलत्याच्या पोटात जाते.

पुढच्या बैठकांमध्ये आजाराच्या गप्पा कमी आणि घरातल्या जागेच्या जास्त झाल्या. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच राहतील, नाव आणि मुदत वाचता येईल अशा. चिठ्ठीचा फोटो दोघांच्या फोनमध्ये. दहा दिवसांच्या गोळ्या नेहमी जास्तीच्या, कारण गावातल्या मेडिकलमध्ये त्या मिळतीलच असं नाही. आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायची नाही. तिच्या गोळीपुरता नियम असा: डोस विसरला आणि आठवला, तर लगेच घ्यायचा. पुढच्या डोसची वेळ जवळच आली असेल, तर राहिलेला सोडून द्यायचा. भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत. ताप आला, दात दाखवायचा झाला, तरी त्या डॉक्टरांना आधी फिटच्या गोळ्यांचं सांगायचं, कारण काही वेदनाशामकं आणि अँटिबायोटिक्स फिटला वाट करून देतात.

सासूबाई तिसऱ्या खेपेला आल्या. चेहरा घट्ट. त्यांनी एकच विचारलं, "नातवंडाला होईल का?" मी म्हटलं, बहुतेक मुलांना होत नाही. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना भेटायचं, फोलिक ॲसिडचं तेच सांगतील. पण दिवस गेल्याचं कळलं म्हणून घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत. एकदम बंद केल्या तर न थांबणारी फिट येऊ शकते आणि ती आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतते. त्यांनी मान डोलावली, पण सुनेकडे बघितलं नाही. ते बघायला त्यांना बरेच महिने लागले. लागणारच.

फिट आल्यावर काय करायचं ते मी तिच्या नवऱ्यालाच जमिनीवर झोपवून दाखवलं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली, किंवा शुद्ध न येताच दुसरी आली, तर थेट दवाखाना. सासूबाईंनी लेकाला पहिल्याच झटक्यात कुशीवर वळवलं. शेतात काम केलेले हात.

गोळ्या कायमच्या का, हे विचारायचंच होतं कुणाला तरी. नवऱ्याने विचारलं. काही प्रकारांत दोनेक वर्षं फिट आली नाही, तर डॉक्टर हळूहळू कमी करून बघतात. हिच्या प्रकारात ती आशा धरू नका, असं मी स्पष्ट सांगितलं. खोटा दिलासा देणारे गावोगाव आहेतच.

आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, गोळ्या ठेवता कुठे? पर्सच्या अस्तरात, तांदळाच्या डब्यात, 'माहेरीच राहिल्यात', अशी उत्तरं येतात. लपवालपवी मुलीच करतात असं नाही. पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा स्पोर्ट्स शूजमध्ये ठेवायचा. घामाने गोळ्यांचा लगदा झालेला.

आषाढीच्या आदल्या दिवशी त्या नवऱ्याचा मेसेज आला: 'आई विचारतेय, उद्या एकादशी, हिला गोळी चालेल का?'

मी लिहिलं, गोळी घोटभर पाण्याबरोबर रिकाम्या पोटीही चालते, उपवासातही घ्यायचीच. निर्जळी नको. आणि रात्रीच्या भजनाला तिला बसवू नका, वेळेवर झोपू द्या.

थोड्या वेळाने उत्तर आलं: 'आई म्हणते, भजनाचं आधी सांगायचं होतं, तिचं नाव टाळ वाजवणाऱ्यांत दिलंय. आता काढते म्हणाली.'