एफडीचे पैसे सुपर 8 च्या रिळांत घालावेत का?

प्रश्न: वय 48, नाशिकला इंदिरानगरमध्ये वरच्या मजल्यावर फ्लॅट, नोकरी सातपूरला. हातात दरमहा 92,000 रुपये येतात. हप्ता धरून घरखर्च 58,000 आणि एसआयपी 20,000. गृहकर्ज 11 लाख बाकी असून हप्ता 18,500, व्याज 8.5 टक्के. बचत खात्यात 1,60,000 आहेत. पुढच्या महिन्यात 4 लाखांच्या एफडीची मुदत संपते. मुलगी दहावीत आहे. मुंबईचे एक संग्राहक त्यांचा संग्रह विकत आहेत: सुपर 8 (घरगुती प्रोजेक्टरची 8 मिलिमीटर रुंद फिल्म) वरचे 14 जुने इंग्रजी चित्रपट, 200 फुटांची 20 छोटी रिळे आणि दोन प्रोजेक्टर, मिळून 3,80,000. पंधरा वर्षांत किंमत तिप्पट होईल, असे ते म्हणतात. शिवाय सोसायटीच्या हॉलमध्ये 100 रुपये तिकीट लावून महिन्याला एक खेळ करता येईल. घेऊ का?

उत्तर: अख्खा संग्रह घेऊ नका. 90,000 रुपयांची मर्यादा घालून तपासलेल्या निवडक प्रिंट आणि एक चालू प्रोजेक्टर घ्या, आणि ते पैसे परत येणार नाहीत असे धरूनच घ्या.

आधी तिप्पटीचा हिशेब. पंधरा वर्षांत तिप्पट म्हणजे वर्षाला 7.6 टक्के चक्रवाढ. तुमचे गृहकर्जच 8.5 टक्क्यांचे आहे. म्हणजे विक्रेत्याचा शब्द तंतोतंत खरा ठरला, तरी कर्ज फेडण्यात जास्त फायदा आहे, आणि त्यात जोखीम काहीच नाही. 3,80,000 रुपये कर्जात भरले, तर याच हप्त्याने उरलेले सुमारे 77 हप्ते 46 वर येतात आणि व्याजाचे सुमारे 2 लाख रुपये वाचतात. व्याजदर फ्लोटिंग असेल, तर मुदतपूर्व फेडीवर बँकेला दंडही लावता येत नाही. उलट रिळे सांभाळायला खर्च येतो. बल्ब, बेल्ट, दुरुस्ती आणि साठवण मिळून वर्षाला 10,000 धरले, तर तो 7.6 टक्क्यांचा परतावा 6 च्या आसपास उतरतो. विकताना पार्सलचा खर्च आणि घासाघीस वेगळी.

तिप्पटीच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो: नव्या प्रिंट आता निघत नाहीत, म्हणून आहेत त्यांची किंमत वाढणारच. पहिला भाग बहुतांशी बरोबर आहे. घरगुती बाजारासाठी पूर्ण लांबीचे चित्रपट सुपर 8 वर काढणारी इंग्लंडमधल्या डडलीची डेरॅन ही कंपनी 2011 मध्ये बंद झाली. अमेरिकेतल्या कॅसल आणि ब्लॅकहॉक या कंपन्यांचा काळ त्याच्याही आधीचा. पण नुसत्या दुर्मीळतेने भाव वाढत नाही, घेणारा लागतो. सुपर 8 चे गिऱ्हाईक मुख्यतः ब्रिटन, युरोप आणि अमेरिकेत आहे आणि त्यातले बरेच जण वयस्क आहेत. तेच चित्रपट आज स्वच्छ डिजिटल रूपात मिळतात. भारतात तुम्हाला अडचणीच्या वेळी आठवडाभरात ही रिळे विकायची वेळ आली, तर गिऱ्हाईक बहुधा दुसरा संग्राहकच असेल आणि भाव तो सांगेल तो.

मग 90,000 कुठून आले? सहा महिन्यांचा खर्च 3,48,000 होतो. तुमच्याकडे 1,60,000 आहेत, म्हणजे एफडीतले 1,90,000 आधी आपत्कालीन निधीत गेले पाहिजेत. कर्जात भरलेला पैसा गरजेच्या वेळी सहज परत काढता येत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत हे कर्जफेडीच्याही आधी. मुलीच्या अकरावी-बारावीसाठी आणि प्रवेश परीक्षेच्या क्लाससाठी 1,20,000 वेगळ्या एफडीत ठेवा. उरतात 90,000. त्यातले 60,000 प्रिंटसाठी, 20,000 प्रोजेक्टर आणि त्याच्या दुरुस्तीसाठी, 10,000 साठवणीच्या आणि तपासणीच्या सामानासाठी. पुढचा वार्षिक खर्च पगारातून उरणाऱ्या दरमहा 14,000 मधून भागेल. एसआयपीला हात लावू नका.

आता यादी हातात घ्या आणि प्रत्येक चित्रपटापुढे फूट लिहून मागा. सुपर 8 च्या एका फुटात 72 फ्रेम असतात. 24 फ्रेम प्रति सेकंद या वेगाने मिनिटाला 20 फूट फिल्म जाते. म्हणजे 200 फुटांचे रीळ 10 मिनिटांचे, 400 फुटांचे 20 मिनिटांचे आणि 600 फुटांचे अर्ध्या तासाचे. शंभर मिनिटांच्या पूर्ण चित्रपटाला 2,000 फूट, म्हणजे 400 फुटांची पाच रिळे लागतातच. ‘पूर्ण चित्रपट’ म्हणून 400 फुटांची तीन रिळे पुढे केली, तर ती एक तासाची कापलेली आवृत्ती आहे. सत्तरच्या दशकात अशा कापलेल्या आवृत्त्या भरपूर विकल्या जात, आणि त्यांची किंमत पूर्ण प्रिंटच्या जवळपासही नसते. तुमच्या यादीतली 20 छोटी रिळे याच जातीची असणार. त्यांच्यासाठी पैसे मोजू नका. वर फुकट मिळाली तर घ्या. 14 चित्रपटांपैकी किती खरोखर पूर्ण आहेत, हे या एका गुणाकाराने घरबसल्या कळेल.

मग मुंबईला जा, आणि एका दिवसात उरकू नका. सुती हातमोजे, 8 किंवा 10 पटीचे भिंग, स्टीलची पट्टी, पांढरा प्रकाश देणारा लाइटबॉक्स आणि ए-डी स्ट्रिप्स (आम्ल ओळखणाऱ्या, रंग बदलणाऱ्या पट्ट्या) सोबत हव्यात. डबा उघडताच आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचा अॅसिटेट या प्लास्टिकचा पाया विघटित व्हायला लागला आहे. त्यातून सुटणारे अॅसिटिक आम्लच पुढचे विघटन वेगाने घडवते, म्हणून ते थांबत नाही, फार तर थंडाव्यात मंदावते. ध्वनीची मॅग्नेटिक पट्टी असलेल्या प्रिंटमध्ये पट्टीतल्या लोहाच्या संयुगाने ही क्रिया आणखी जोर धरते, आणि सुपर 8 चे बोलपट बहुतेक असेच असतात. वास येण्याआधीचा टप्पा नाकाला कळत नाही. त्यासाठी ए-डी स्ट्रिप डब्यात घालून झाकण लावून किमान 24 तास ठेवायची. निळी राहिली तर ठीक, हिरवट झाली तर सुरुवात झालेली, पिवळी झाली तर ती प्रिंट सोडून द्या. पट्ट्या पहिल्या दिवशी घालून दुसऱ्या दिवशी वाचायच्या, म्हणून मुक्काम करा.

आकसणे पट्टीने मोजता येते. 100 फ्रेमची लांबी 42.3 सेंटिमीटर भरली पाहिजे. 4 मिलिमीटर कमी भरली, तर फिल्म जवळपास 1 टक्का आकसली. अशी फिल्म प्रोजेक्टरमध्ये थरथरते आणि छिद्रे फाटतात. रिळाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तीन ठिकाणी मोजा.

रंग पांढऱ्या प्रकाशावर पाहायचा, पिवळ्या बल्बखाली नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या ईस्टमन रंगीत प्रिंटमधला निळसर सायन रंग आधी उडतो आणि चित्र गुलाबी-तपकिरी होते. काळा कोट तपकिरी आणि आकाश फिकट गुलाबी दिसले, तर तो रंग गेला. तो रसायनाने परत येत नाही. कमी फिका पडणारा एलपीपी हा फिल्मचा प्रकार त्यानंतर आला, पण सुपर 8 च्या पट्टीवर त्याची खूण दर वेळी सापडतेच असे नाही. म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवा. रंगाची काळजी नको असेल, तर कृष्णधवल चित्रपट घ्या. 60,000 च्या मर्यादेत तीच सर्वांत शहाणी निवड आहे, आणि जुन्या अभिजात चित्रपटांत तुटवडाही नाही.

पाया कोणता हे रीळ प्रकाशासमोर आडवे धरून कळते. पॉलिस्टरच्या गुंडाळीतून प्रकाश झिरपतो, अॅसिटेटची गुंडाळी अपारदर्शक दिसते. पॉलिस्टरला व्हिनेगरचा रोग होत नाही, रंग मात्र त्याचाही उडू शकतो. दोन गोष्टी त्याच्याबाबत लक्षात ठेवा. ते फिल्म सिमेंटने (फिल्म जोडायच्या चिकटद्रवाने) जोडता येत नाही, टेपचा जोड लागतो. आणि अडकले तर ते तुटत नाही, प्रोजेक्टरचा भाग मोडतो. चरे पडद्यावर पाहा: काळी रेघ बहुधा पायाच्या बाजूची, ती साफसफाईने आणि योग्य द्रवाने कमी दिसते. हिरवी किंवा पिवळी रेघ म्हणजे चित्राचा थरच खरवडलेला, तिला उपाय नाही. जोडांपाशी आवाज मध्येच गुदमरला तर दचकू नका. मॅग्नेटिक ध्वनी चित्राच्या 18 फ्रेम पुढे असतो, म्हणून एका तुटीत चित्र आणि आवाज वेगवेगळ्या जागी कापले जातात. दर रिळात असे चार-सहा जोड चालतील, दर मिनिटाला एक नाही.

प्रोजेक्टर चालवून दाखवायला सांगा आणि पहिले रीळ तुमच्या निवडीतले नको, टाकाऊ घाला. दोन मिनिटांनी थांबवून त्या टाकाऊ फिल्मवर नवी रेघ उमटली का ते भिंगातून पाहा. रबरी बेल्ट वर्षानुवर्षे पडून राहिला की चिकट डांबरासारखा वितळतो. तो बदलता येतो, पण त्यासाठी किंमत खाली आणा. अनेक सुपर 8 प्रोजेक्टर 12 व्होल्ट 100 वॉटचा हॅलोजन बल्ब वापरतात, दोन जास्तीचे घेऊन ठेवा. यंत्र अमेरिकी असेल तर ते 110-120 व्होल्टचे आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, वारंवारता बदलत नाही. मोटर एसी असली तर 60 ऐवजी आपल्या 50 हर्ट्झवर 24 फ्रेमचा वेग 20 वर येतो आणि सगळे आवाज जड होतात. दुसरा प्रोजेक्टर त्याच मॉडेलचा असेल तरच घ्या, सुट्या भागांसाठी. एरवी तो फक्त जागा खाईल.

साठवणीत नाशिकचे हवामान थेट तुमच्या खिशात हात घालते. 21 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असेल, तर ताज्या अॅसिटेट फिल्मला आंबट व्हायला सुमारे 40 वर्षे लागतात. तुमची रिळे ताजी नाहीत, आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबखालचा माळा मे महिन्यात 21 अंशांच्या जवळपासही नसतो. माळ्यावर ठेवूच नका. आतल्या भिंतीला लागून, जमिनीपासून वीतभर वर, लोखंडी कपाट. पावसाळ्यात आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर टिकली की फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरावर बुरशी धरते, म्हणून 500 रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक आत हवा आणि सिलिका जेल महिन्याला तापवून कोरडे करायला हवे. डबे हवाबंद करू नका, आम्ल आतच कोंडते. कपाटात डांबर गोळ्या नकोत. वर्षातून एकदा प्रत्येक रीळ सावकाश उलटे-सुलटे गुंडाळा आणि वास घ्या. एखादे आंबले तर त्याच दिवशी बाकीच्यांपासून दूर ठेवा.

फिल्म किती नाशवंत असते याचा धडा नाशिककरांना नवा नाही. दादासाहेब फाळक्यांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथेच 1918 मध्ये सुरू केली, आणि त्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा आज काही भागच उरला आहे. त्या संग्रहात चुकून एखादी जुनी मराठी किंवा हिंदी प्रिंट निघाली, तर भाव ठरवण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. अशी प्रिंट घरच्या कपाटात असू नये.

तिकीट लावून खेळ करण्याचे उत्पन्न हिशेबातून काढून टाका. प्रिंट विकत घेतली म्हणजे प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही. भारतीय कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे असतो, आणि तो संपलेल्या चित्रपटातही संगीताचे किंवा मूळ कथेचे हक्क जिवंत असू शकतात. शिवाय जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागते. घरी कुटुंबासोबत, मित्रांसोबत मनसोक्त बघा.

परदेशातून मागवायचा मोह होईल. त्याआधी कस्टम्स एजंटकडून दोन गोष्टी लेखी विचारा: जुन्या वापरलेल्या मालाला परवानगी लागते का, आणि ड्युटी, आयजीएसटी धरून दारात पडणारी किंमत काय. उत्तर येईपर्यंत पैसे पाठवू नका. पुढे कधी रिळे विकली, तर वैयक्तिक वापराची वस्तू आणि नियमित खरेदी-विक्री यांना कर वेगळा लागतो. वर्षात दोन-चार वेळा विकायला लागलात तर सीएला विचारा. घराचा विमा असेल तर रिळांची यादी, फोटो आणि पावती विमा कंपनीला कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी ती रद्दी ठरतात.

व्यवहारात विक्रेता ‘सगळे घ्या नाहीतर काही नाही’ म्हणेल. प्रोजेक्टर धरून 80,000 च्या वर जाऊ नका, हव्या त्या पाच-सहा प्रिंट नावानिशी सांगा, आणि नाही म्हणाला तर उठून या. पैसे बँकेतून द्या, पावतीवर प्रत्येक चित्रपटाचे नाव, रिळांची संख्या आणि फूट लिहून घ्या. आणि आजच नेट बँकिंगवर एफडीचे ऑटो-रिन्यूअल बंद करा. ते चालू राहिले तर पुढच्या महिन्यात चार लाख आपोआप पुन्हा अडकतील, आणि मोडताना व्याजात कपात होईल.