अडीच वर्षांची मुलगी आणि येणारं बाळ, कन्व्हर्टिबल डबल स्ट्रोलर घ्यावा का आणि कुठला?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मोठी अडीच वर्षांची, दुसरं बाळ दोन महिन्यांत, विजय नगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट छोटी, आणि भाऊ अमेरिकेहून येताना कन्व्हर्टिबल डबल स्ट्रोलर (एकीची दोन सीटची होणारी बाबागाडी) आणतो म्हणतोय तर कुठला सांगू. मी इंदूरलाच, सुदामा नगरमध्ये राहते, माझ्या दोघांत पण साधारण एवढंच अंतर आहे, आणि माझ्या जावेकडे डबल गाडी होती त्यामुळे दोन्ही प्रकार हाताळून झालेत. माझं स्पष्ट मत, भावाला आत्ता ऑर्डर करू देऊ नका, आधी त्या दोन सीटवर बसणार कोण आणि किती महिने ते बघा.

म्हणजे बघा, सव्वा महिना तर बाळ घराबाहेर जाणारच नाही, आपल्याकडे आजी जाऊच देत नाहीत. जन्माच्या वेळच्या लसी दवाखान्यातच होतात, पुढची सहाव्या आठवड्यात, मग दहाव्या, मग चौदाव्या, आणि तिथे तुम्ही कारने नाहीतर रिक्षानेच जाणार. खरं फिरणं सुरू होतं ते बाळ तीनेक महिन्यांचं झाल्यावर. तोवर मोठी तीन वर्षांची होत आलेली असेल, आणि तीन वर्षांचं पोर गाडीत बसायला किती तयार असतं ते तुम्हाला लवकरच कळेल, जाताना पळत जातं आणि येताना "उचल ना" करतं. म्हणजे दोघं एकदम गाडीत बसायचा काळ फार तर वर्षभराचा, त्यातही इंदूरचे एप्रिल-मे सोडा कारण दुपारी ४० च्या वर पारा असताना कोण पोरं घेऊन निघतंय. एवढ्या काळासाठी ती महागडी वस्तू आहे, हे आधी मनात धरा.

आता ही कन्व्हर्टिबल काय भानगड असते ते थोडं सांगते कारण दुकानात आणि व्हिडिओत सगळं फार सोपं दाखवतात. फ्रेम एकच, त्यावर आधी एक सीट, नंतर वेगळी विकत घेऊन दुसरी लावायची. एका प्रकारात दुसरी सीट खाली नाहीतर पुढे लागते, म्हणजे मुलं एकामागे एक, रुंदी तेवढीच राहते पण गाडी लांब आणि वळवायला जड होते. दुसऱ्या प्रकारात फ्रेमच रुंद होते आणि मुलं शेजारी शेजारी बसतात, बुगाबूची डाँकी नावाची गाडी आहे ती एका मुलाला ६० सेंटिमीटर आणि दोघांना ७४ होते. पहिल्या प्रकारातली अपाबेबी कंपनीची व्हिस्टा साधारण ६५ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणून आधी उठा, टेप घ्या, आणि लिफ्टचं दार उघडल्यावर मधली मोकळी जागा मोजा, बाहेरची चौकट नाही हं. मग लिफ्टची आतली खोली मोजा, कारण एकामागे एक वाली गाडी दारातून जाते पण आत उभी राहिली की दार लागत नाही, जावेच्या बिल्डिंगमध्ये नेमकं हेच व्हायचं आणि ती मोठीला उतरवून, गाडी तिरकी करून, बाळाला कडेवर घेऊन चढायची.

आणि वजन! ह्यावर कुणीच बोलत नाही. व्हिस्टाची फ्रेम आणि एक सीट मिळूनच १२ किलोच्या थोडं वर जातं. त्यात दुसरी सीट, मग तुमची मोठी, अडीच वर्षांच्या मुली साधारण १२-१३ किलोच्या असतात, मग तीन महिन्यांचं बाळ पाच-सहा किलो, आणि खाली टोपलीत पाण्याच्या बाटल्या, लंगोट, दुपटी, खेळणी. तीस किलोच्या वर सहज. मॉलमध्ये गुळगुळीत फरशीवर हे एका हाताने ढकलता येतं, पण तुमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी दोन पायऱ्या असतील तर रोज दोन वेळा ते उचलायचं कुणी, आणि तुमचं सिझेरियन झालं तर पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असंच डॉक्टर सांगतात, तेव्हा तर प्रश्नच नाही.

दुसरी सीट घेणारच असाल तर तिची वजनाची मर्यादा वेगळी वाचा, ती मुख्य सीटपेक्षा बहुतेक वेळा कमी असते. व्हिस्टाच्या खालच्या सीटची मर्यादा १६ किलोच्या आसपास आहे आणि ती तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी नाहीच, त्यामुळे बाळ वर आणि मोठी खाली अशीच मांडणी करावी लागते. दोघांचा भार फ्रेमवर कसा येतो हा काही नुसता कागदावरचा प्रश्न नाही बरं का. अमेरिकेत मॉकिंगबर्ड कंपनीने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या सिंगल-टू-डबल गाड्या, जवळपास १,४९,००० नग, परत तपासायला काढले होते (ह्यालाच रिकॉल म्हणतात) कारण फ्रेमच्या खालच्या बाजूला तडे जात होते, आणि ग्राहकांना फ्रेम मजबूत करायचं किट फुकट दिलं होतं. म्हणून भाऊ कुणाची जुनी वापरलेली आणणार असेल तर ती कुठल्या काळात विकलेली आहे, रिकॉलमध्ये होती का, किट बसवलंय का, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. बाळाची मान धरेपर्यंत त्याला आडवंच झोपवायचं, म्हणजे सीट पूर्ण सपाट होणारी हवी नाहीतर वेगळी कॅरीकॉट, म्हणजे बाळाला आडवं ठेवायची टोपली, हवी. अर्धवट मागे झुकणारी सीट नवजात बाळाला चालत नाही, हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट दबते. बऱ्याच स्वस्त डबल गाड्या, त्या छत्रीसारख्या मिटणाऱ्या, सहा महिन्यांनंतरच्याच असतात, खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कार सीट काढून फ्रेमवर टक करून बसवायची सोय पण छान वाटते, पण ती कारसाठी आहे, त्यात बाळाला तासभर झोपवून बागेत फिरायचं नाही.

आपल्या गावात हे कुठे चालतं ते पण सांगते. मेघदूत उपवन, लालबाग, रिजनल पार्क, मॉल, इथे गाडी मजेत चालते. राजवाडा, सराफा, छप्पन दुकान रविवारी सकाळी, खजराण्याला बुधवारी, इथे एकेरी गाडी पण अडचण होते, डबल तर विसराच. कॉलनीतल्या रस्त्यांवर स्पीड ब्रेकर, मध्येच उघडी नाली, कडेला लावलेल्या ॲक्टिव्हा. शिवाय खालच्या सीटवरचं पोर अगदी धूर आणि धुळीच्या उंचीवर असतं आणि गल्लीतली कुत्री थेट तोंडासमोर येतात, मला ते बघवायचं नाही. चाकं मोठी आणि रबराची किंवा फोम भरलेली हवीत, पुढची चाकं लॉक होणारी हवीत, छोटी प्लास्टिकची चाकं पहिल्याच गड्ड्यात अडकतात आणि गाडी पुढे कलते.

आम्ही काय केलं, तर चांगली एकेरी गाडी घेतली, सपाट होणारी, मोठ्या चाकांची, आणि मागे उभं राहायची फळी लावली. ह्या फळीला बायका बग्गी बोर्ड म्हणतात, दोन वर्षांच्या पुढचं मूल त्यावर उभं राहतं, साधारण २० किलोपर्यंत चालतात, फक्त तुमच्या गाडीच्या मागच्या दांड्याला बसते का ते बघून घ्यायची. मोठीला तर ती एवढी आवडली की गाडीत बसायचा हट्टच गेला, आपण आईबरोबर गाडी चालवतोय असं तिला वाटायचं. फार थकली की ती गाडीत आणि बाळ माझ्या अंगाला कापडी कॅरिअरमध्ये. कॅरिअर घेताना कमीत कमी वजन किती ते बघा, कित्येक जाड पट्टेवाले साडेतीन किलोच्या पुढचेच असतात आणि आपली बाळं बरीचशी तीनच्या आत जन्मतात, म्हणून सुरुवातीला मऊ कापडाचाच बरा. बाळाचं तोंड कायम दिसलं पाहिजे, हनुवटी छातीपासून सुटी, आणि तुम्ही मान वाकवली की त्याची टाळू ओठांना लागेल इतकं वर.

हां, पण तुमच्या घरी दिवसभर मदतीला कुणी नसेल, सोसायटीत रॅम्प असेल, आणि रोज संध्याकाळी एकटीने दोघांना घेऊन बागेत जायचं असेल, तर डबल उपयोगाची आहे, तेव्हा मी नको म्हणणार नाही. मग एकामागे एक वालीच घ्या, पण आधी फ्रेम आणि एकच सीट आणायला सांगा, दुसरी सीट लागेल असं वाटलं तर नंतर. मिटवताना दोन्ही सीट काढाव्या लागतात का ते विचारा, काढाव्या लागत असतील तर रस्त्यात दोन पोरं घेऊन ते शक्य नाही. कारमध्ये सीएनजीचा सिलिंडर असेल तर डिक्की जवळजवळ गेलेलीच समजा, मिटवलेल्या गाडीची मापं घेऊन डिक्कीशी ताडून बघा. चाक किंवा ब्रेक बिघडला तर इथे दुरुस्त कोण करणार, ते पण भावाला विचारायला सांगा, अमेरिकेतली वॉरंटी सहसा इथे लागू होत नाही. आणि विमानात अशा खोक्याचं वजन बॅगेच्या २३ किलोत बसलं तरी आकाराने ते मोठंच पडतं, जास्तीचे पैसे कोण भरणार ते आधी बोलून घ्या.

दोन गोष्टी कुठलीही गाडी घेतली तरी. हँडलला भाजीची, औषधांची पिशवी लटकवू नका, मूल उतरलं की गाडी मागे उलटते, जास्त करून मोठी खाली उडी मारते तेव्हा आणि बाळ अजून आत असतं. आणि उन्हात वरून ओढणी किंवा दुपटं टाकून गाडी झाकू नका, सगळेच करतात, पण हवा अडते आणि आत भट्टी होते, त्यापेक्षा छत्री लावा आणि सकाळी आठच्या आत फिरून या.

लिफ्टच्या दाराचं आणि आतल्या खोलीचं माप, आणि कार कुठली आहे ते कमेंटमध्ये लिहा, त्यात काय बसेल ते मी सांगते.