गोळी एकाची, जंतू दुसऱ्यांचे

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूंवरचा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या फिरतोय. ड्रेसिंगला येणारे लोकही तेच विचारतात, तेव्हा एकदाच उत्तरं देऊन टाकतो.

प्र. तीन राष्ट्राध्यक्ष ४ जुलैलाच, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच वारले, हे खरं का?

उ. खरं. अ‍ॅडम्स (वय ९०) आणि जेफरसन (८३) १८२६ मध्ये एकाच दिवशी, मन्रो १८३१ मध्ये. योगायोग.

प्र. अशुद्ध रक्त काढलं की जुने आजार जातात. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावरही हाच उपचार झाला होता म्हणे?

उ. झाला होता. डिसेंबर १७९९ मध्ये घसा सुजला म्हणून एका दिवसात त्यांच्या अंगातलं सुमारे ४० टक्के रक्त काढलं. त्याच रात्री ते गेले. 'रक्तशुद्धी'ची पाकिटं विकणारे नेमकं एवढंच सांगायचं विसरतात.

प्र. राष्ट्राध्यक्ष टेलर चेरी आणि दूध एकत्र घेऊन वारले. म्हणजे विरुद्ध आहारच ना?

उ. मग शिकरण खाऊन आपण कसे जगलो? १८५० च्या ४ जुलैला ते उन्हात कार्यक्रमाला बसले, नंतर फळं आणि थंड दूध घेतलं, आणि पाच दिवसांत पोटाच्या विकाराने गेले. दूषित पाण्या-दुधाकडे बोट जातं, जोडीकडे नाही. विषाचा संशय होता म्हणून १९९१ मध्ये शव उकरून आर्सेनिक तपासलं. विषप्रयोग निघाला नाही. तुम्हाला जुलाबात रक्त दिसलं किंवा लघवी कमी झाली, तर फॉरवर्ड न वाचता डॉक्टर गाठा.

प्र. राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली होती, तरी डॉक्टरांनीच मारलं असं का म्हणतात?

उ. यावर जरा बोलू द्या. २ जुलै १८८१, वॉशिंग्टन शहरातलं रेल्वे स्टेशन. पाठीत शिरलेली गोळी मणक्यातून गेली, पण मज्जारज्जू वाचला. अंगात गोळी घेऊन वर्षानुवर्षं जगणारे सैनिक तेव्हा अमेरिकेत होते. पण स्टेशनातच डॉक्टरांनी न धुतलेली बोटं जखमेत घालून गोळी चाचपायला घेतली, आणि ते पुढेही चालू राहिलं. ब्रिटिश सर्जन लिस्टर यांचे जंतुनाशकावरचे लेख १८६७ चे, म्हणजे १४ वर्षं आधीचे! मुख्य डॉक्टर ब्लिस यांचा हेका, गोळी उजवीकडेच आहे. ग्रॅहम बेल धातू शोधायचं यंत्र घेऊन आले, तर त्यांना उजवी बाजूच तपासू दिली. त्यात गादीला लोखंडी स्प्रिंगा, त्यांनीही यंत्र गोंधळलं. पू होत गेला. २०० पौंडांवरचा माणूस १३० च्या आसपास आला आणि १९ सप्टेंबरला गेला. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली.

आणि आज? जखमेत हळद किंवा टूथपेस्ट भरून लोक माझ्याकडे चौथ्या दिवशी येतात. टाचेत काच गेली की घरातल्याच सुईने टोकरतात, वर मेडिकलमधून दोन गोळ्या. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा १६ वर्षांचा मुलगा १९२४ मध्ये टेनिस खेळताना पायाला आलेल्या फोडाने आठवडाभरात गेला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आता आहेत, पण कोणतं, किती दिवस, हे तपासूनच ठरतं. डायबेटिस असेल तर पायाचा साधा फोडही त्याच दिवशी दाखवा.

प्र. वॉशिंग्टन यांचे दात लाकडी होते का?

उ. नाही. पाणघोड्याचे सुळे, शिसं, माणसांचेही दात. तुमची कवळी टोचत असेल तर घरी कानशीने घासू नका, दंतवैद्याकडे जा.